वाढत्या उपनगरांतील प्रादेशिक रस्ते: आखणी आणि निधी यांची पायरीपायरीने ओळख

महानगराच्या कडेला वसाहती उभ्या राहू लागल्या की काही वर्षांतच तिथला जुना दुपदरी रस्ता अपुरा पडतो, आणि तो अपुरा पडल्याचे सर्वांच्या ध्यानात येईपर्यंत त्याच्या दोन्ही कडा बांधकामांनी भरून गेलेल्या असतात. या कामाशी पहिल्यांदाच संबंध येणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे: नव्याने निवडून आलेले सदस्य, नियोजन विभागात नुकतेच रुजू झालेले अधिकारी, आणि हरकती-सूचनांच्या सुनावणीला जाण्यापूर्वी विषय नीट समजून घेऊ इच्छिणारे रहिवासी. येथे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी काम रुंदीकरणाच्या मागणीपासून सुरू होते आणि जागेचा विचार सर्वांत शेवटी होतो. माझ्या मते उपनगरांतील रस्त्यांच्या बहुतांश अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

पायरी 1: रस्ता कोणाचा आहे, हे लेखी ठरवा

प्रादेशिक रस्ता म्हणजे दोन किंवा अधिक वस्त्यांना जोडणारा, एकापेक्षा जास्त स्थानिक संस्थांच्या हद्दींतून जाणारा आणि ज्यावरील बरीचशी वाहतूक त्या-त्या गावची नसते असा रस्ता. अडचण इथूनच सुरू होते. ज्या गावातून तो जातो त्याला धूळ, आवाज आणि अपघात सोसावे लागतात, तर लाभ पलीकडच्या वस्तीला मिळतो. त्यामुळे स्वतःच्या अंदाजपत्रकातून त्यावर खर्च करण्यास कोणतीही एक संस्था सहसा तयार नसते. म्हणून पहिल्या बैठकीतच नकाशावर प्रत्येक तुकड्यासमोर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मालकी कोणाची, देखभाल कोणाकडे, सिग्नल कोण चालवते आणि रस्त्यालगतच्या बांधकामाला परवानगी कोण देते. अनेकदा ही चार उत्तरे चार वेगवेगळ्या कार्यालयांची असतात.

संयुक्त नियोजनाची सक्ती कायद्याने करता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे 1962 च्या महामार्ग कायद्याने 50,000 हून अधिक लोकसंख्येच्या नागरी भागांत रस्त्यांसाठी केंद्राचा निधी हवा असेल तर सर्व स्थानिक संस्थांनी मिळून अखंड आणि सर्वसमावेशक नियोजन केले पाहिजे, अशी अट घातली. पुढे 1991 च्या कायद्याने आणखी एक शिस्त आणली: आराखड्यात तीच कामे दाखवायची ज्यांचा पैसा कुठून येईल हे वाजवी आधाराने सांगता येते. इच्छांची लांबलचक यादी आणि अंमलात येऊ शकणारा आराखडा यांतला फरक या एका अटीने स्पष्ट होतो, आणि कायद्याची सक्ती नसली तरी ती स्वतःहून पाळण्यासारखी आहे.

पायरी 2: आजची वाहतूक मोजा

वाहतूक गणना सामान्य आठवड्यातील कामाच्या दिवशी करावी. सुट्टी, सण, परीक्षा किंवा अतिवृष्टीचे दिवस टाळावेत. वाहनांची वर्गवारी करून दर 15 मिनिटांचे आकडे नोंदवावेत, कारण तासाच्या सरासरीत गर्दीचा खरा कळस दडून जातो. चौकात किती वाहने सरळ जातात, किती डावीकडे आणि किती उजवीकडे वळतात हे स्वतंत्रपणे मोजावे. पादचारी आणि सायकलस्वार यांची मोजणीही त्याच वेळी करावी, अन्यथा पुढे त्यांच्यासाठी काहीही मागताना हातात आकडा नसतो.

नवख्यांच्या नजरेतून सहसा सुटणारी एक बाब अशी की, कोंडी असलेल्या चौकातून बाहेर पडणारी वाहने मोजली तर चौकाची क्षमता कळते, लोकांची मागणी कळत नाही. रांगेत अडकलेली वाहने त्या आकड्यात नसतातच. म्हणून रांगेची लांबीही नोंदवावी आणि शक्यतो रांग सुरू होण्याच्या आधीच्या ठिकाणी दुसरी मोजणी लावावी.

अवजड वाहनांची गणना वेगळी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की आसावरील (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरील) भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सुमारे 16 पट होते. वाढत्या उपनगरात याचा अर्थ फार थेट आहे: नव्या इमारतींसाठी वाळू, खडी, सिमेंट आणि पोलाद वाहून आणणारे ट्रक जुन्या रस्त्याला रहिवासी राहायला येण्याआधीच मोडून टाकतात. हा खर्च कोण देणार, याचे उत्तर बांधकाम परवानगीच्या अटींतच असायला हवे.

पायरी 3: उद्याच्या वाहतुकीचा अंदाज बांधा, पण एकाच आकड्यावर विसंबू नका

सुरुवात साध्या हिशेबाने करावी. अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांच्या नोंदींनुसार स्वतंत्र घरांच्या वसाहतीत एका घरामागे दिवसाला 9 ते 10 वाहनफेऱ्या (जाणे ही एक, येणे ही दुसरी) होतात आणि संध्याकाळच्या गर्दीच्या एका तासात जवळपास एक फेरी होते. जिथे वाहने कमी आहेत, घरे दाट आहेत किंवा बससेवा चांगली आहे, तिथे हा आकडा बराच खाली येतो. म्हणून तो जसाच्या तसा न उचलता आपल्याच भागातील दोन-तीन वसलेल्या वसाहतींच्या फाटकांवर मोजणी करून स्थानिक दर काढावा. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे सारखीच आहे.

समजा, 1,000 घरांची वसाहत येणार आहे आणि संध्याकाळच्या तासात तिच्या सुमारे 950 फेऱ्या होतील. त्यांतील 60 टक्के, म्हणजे 570 वाहने, शहराच्या दिशेकडून घरी परततील. सिग्नल हिरवा असताना एका मार्गिकेतून तासाला सुमारे 1,900 मोटारी जाऊ शकतात, हा अभियंत्यांचा प्रचलित आदर्श आकडा आहे. पण सिग्नल त्या दिशेला 40 टक्के वेळच हिरवा असेल, तर प्रत्यक्ष क्षमता 760 वर येते. म्हणजे ही एकच वसाहत एका मार्गिकेची तीन चतुर्थांश क्षमता व्यापते. अशा किती वसाहतींना परवानगी दिली आहे याची यादी हाती घेऊन हाच हिशेब पुन्हा केला, तर पुष्कळ सुनावण्यांतला वाद तिथेच थोडा शांत होईल.

मोठ्या प्रदेशासाठी संगणकीय प्रारूप वापरतात. त्यात फेऱ्या किती निर्माण होतील, त्या कुठून कुठे जातील, कोणत्या साधनाने होतील आणि कोणत्या रस्त्यावरून जातील, हे चार टप्पे असतात. प्रारूप उपयोगी असते, पण ते करणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: रस्ता रुंद झाल्यामुळे नव्याने निर्माण होणारी वाहतूक यात धरली आहे का? गर्दीच्या वेळचा रस्ता मोकळा झाला की इतर वेळी, इतर मार्गांनी किंवा इतर साधनांनी जाणारे लोक त्यावर परत येतात, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडले होते. पुढे 2011 मध्ये जील ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवले की आंतरराज्यीय महामार्गांच्या मार्गिका जितक्या प्रमाणात वाढल्या, जवळपास तितक्याच प्रमाणात त्यांवर वाहनांनी कापलेले एकूण अंतरही वाढले. याचा अर्थ नवा रस्ता बांधूच नये असा होत नाही, कारण वाढलेल्या प्रवासाचाही लोकांना उपयोग असतो. मात्र केवळ कोंडी कायमची सुटेल या आश्वासनावर रुंदीकरण मंजूर करून घेणे योग्य नाही.

वाहतुकीचे अंदाज चुकतातही. डॅनिश संशोधक बेंट फ्लूब्यर्ग आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात निम्म्या रस्ता-प्रकल्पांचे वाहतुकीचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा 20 टक्क्यांहून अधिक फरकाने चुकलेले आढळले. म्हणून कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन वाढी गृहीत धराव्यात. वर्षाला 4 टक्के वाढ धरली तर वाहतूक सुमारे 18 वर्षांत दुप्पट होते. 2 टक्के धरली तर त्याला 35 वर्षे लागतात. तिन्ही शक्यतांत जे काम उपयोगी ठरते ते आधी हाती घ्यावे.

पायरी 4: जागा आत्ताच राखून ठेवा

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे. रस्ता नंतर बांधता येतो, टप्प्याटप्प्याने बांधता येतो, कर्ज काढूनही बांधता येतो. पण घरे उभी राहिल्यानंतर त्यांच्यामधून जागा काढणे हे पैशाच्या दृष्टीने महाग आणि माणसांच्या दृष्टीने क्लेशदायक असते. रिकाम्या शेताच्या कडेने नकाशावर आखलेली रेषा आणि वीस वर्षांनी त्याच रेषेसाठी पाडावी लागणारी घरे यांच्यात एका ठरावाचा फरक असतो.

न्यूयॉर्कने 1811 च्या आराखड्यात मॅनहॅटन बेटावरील रस्त्यांचे जाळे वस्ती पोहोचण्याच्या कितीतरी आधी आखून ठेवले. त्या वेळी तिथे बव्हंशी शेते आणि टेकड्या होत्या. बार्सिलोनाच्या विस्तारासाठी अभियंता इल्देफोन्स सेर्दा यांची आखणी 1859 मध्ये तयार झाली आणि त्यांनी ठेवलेले रुंद रस्ते आणि कापलेल्या कोपऱ्यांचे चौक आजही वाहतूक पेलतात. या दोन्ही ठिकाणी बांधकाम सावकाश झाले, परंतु जागा मोकळी असल्याने पुढच्या पिढ्यांना निवड करता आली.

जागा राखण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला म्हणजे विकास आराखड्यात रस्तारेषा अधिकृतपणे दाखवणे आणि तिच्या आत बांधकामाला परवानगी न देणे. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मात्र जमीनमालकाला वर्षानुवर्षे ना मोबदला ना बांधकामाचा हक्क अशा अवस्थेत लटकवून ठेवणे अन्यायाचे आहे, त्यामुळे आरक्षणाला मुदत असावी आणि मालकाने मागणी केल्यास खरेदीची तरतूद असावी. दुसरा मार्ग म्हणजे वसाहतीला मंजुरी देताना विकासकाकडून रस्त्याच्या रुंदीपुरती पट्टी हस्तांतरित करून घेणे. यात धोका असा की प्रत्येक वसाहतीसमोर रस्ता रुंद होतो आणि मधल्या रिकाम्या भूखंडापाशी पुन्हा अरुंद होतो. अशा दातेरी रस्त्याचा उपयोग कमी आणि अपघाताची भीती जास्त असते, म्हणून मधले तुकडे विकत घेण्यासाठी वेगळा निधी हाताशी लागतो.

तिसरा मार्ग जमिनीच्या पुनर्रचनेचा. एका परिसरातील सर्व भूखंड एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेली जमीन सुबक आकाराच्या लहान भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत दिली जाते. मालकाचे क्षेत्र कमी होते, पण रस्त्यालगतचा आणि सेवांनी युक्त भूखंड मिळाल्याने त्याचे मूल्य वाढते. फ्रँकफर्टसाठी 1902 मध्ये असा कायदा झाला, मुंबई प्रांतात 1915 च्या नगररचना कायद्याने ही पद्धत आणली आणि जपानने तिचा फार मोठ्या प्रमाणावर वापर केला. यात कोणालाही पूर्णपणे उठवले जात नाही आणि भार एकट्या दुर्दैवी मालकावर पडत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. वेळ मात्र लागतो, आणि मोजणी, हक्कनोंदी व वाटपाचे नियम पारदर्शक नसतील तर विश्वास लगेच उडतो.

रुंदी ठरवताना फक्त गाड्यांचा विचार करू नये. पदपथ, झाडे, पावसाळी गटार, बसथांबा आणि जमिनीखालच्या सेवावाहिन्या यांनाही जागा लागते. वाहिन्यांसाठी सुरुवातीलाच स्वतंत्र पट्टा न ठेवल्यास नवा रस्ता पुन्हा पुन्हा खोदला जातो. शिवाय मुख्य रस्त्यावर प्रत्येक भूखंडाचे थेट फाटक उघडू देऊ नये. फाटकांची संख्या आज मर्यादित ठेवली तर उद्या सिग्नलांची संख्याही मर्यादित राहते.

पायरी 5: चौक, जोडरस्ते आणि सर्वांत शेवटी रुंदीकरण

वर केलेल्या हिशेबातून दिसले असेलच की शहरी रस्त्याची क्षमता चौकात ठरते. दोन चौकांमधला भाग चौपदरी करून चौक तसाच ठेवला, तर वाहने पुढच्या रांगेपर्यंत फक्त लवकर पोहोचतात. म्हणून आधी वळणासाठी स्वतंत्र मार्गिका, सिग्नलच्या वेळांची फेररचना आणि योग्य ठिकाणी आधुनिक वर्तुळाकार चौक यांचा विचार करावा. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीनुसार सिग्नलच्या चौकाचे वर्तुळाकार चौकात रूपांतर केल्यास जखमी किंवा मृत्यूच्या अपघातांत सुमारे 78 टक्के घट होते, कारण वेग उतरतो आणि समोरासमोरच्या धडका जवळपास उरत नाहीत.

त्यानंतर जोडरस्ते पाहावेत. शेजारच्या दोन वसाहतींमध्ये फक्त कुंपणाची भिंत असते आणि एका वसाहतीतून दुसरीत जाण्यासाठी प्रत्येकाला मुख्य रस्त्यावर यावे लागते. अशी लहान-लहान जोडणी केल्यास शाळेच्या आणि किराण्याच्या फेऱ्या मुख्य रस्त्यावरून उतरतात. हे काम नकाशावर क्षुल्लक दिसते, पण खर्चाच्या तुलनेत त्याचा लाभ फार मोठा असतो.

हे सर्व करूनही मागणी भागत नसेल तेव्हाच मार्गिका वाढवाव्यात, आणि त्या वेळी वेगाचा प्रश्न टाळू नये. अमेरिकेतील 2011 च्या एका विश्लेषणानुसार वाहनाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची सरासरी शक्यता ताशी सुमारे 37 किलोमीटर वेगाला 10 टक्के, 51 ला 25 टक्के आणि 68 ला 50 टक्के असते. वस्तीतून जाणारा रुंद, सरळ, मोकळा रस्ता लोकांना वेगाने गाडी चालवायला प्रवृत्त करतो. म्हणून मध्ये थांबता येईल असा दुभाजक, उंचावलेले पादचारी मार्ग आणि पुरेसा प्रकाश या गोष्टी मूळ अंदाजपत्रकातच असाव्यात. पैसे उरले तर करू, असे म्हणून पुढे ढकललेली ही कामे सहसा होत नाहीत.

पायरी 6: खर्चाचा प्रामाणिक अंदाज

अंदाजात बांधकामासोबत भूसंपादन, सेवावाहिन्या हलवणे, मोऱ्या आणि पूल, झाडांचे पुनर्रोपण, काम चालू असतानाची पर्यायी वाहतूक, देखरेख आणि महागाई या बाबी धराव्यात. फ्लूब्यर्ग यांच्या 2002 च्या अभ्यासात 258 वाहतूक प्रकल्पांपैकी दर 10 पैकी 9 मध्ये खर्च वाढला होता आणि रस्त्यांची सरासरी वाढ सुमारे 20 टक्के होती. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने 2004 मध्ये यावर उपाय म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातील रस्ता-अंदाजांत ठरावीक वाढ धरण्याची पद्धत आणली: खर्च ओलांडण्याची शक्यता 20 टक्क्यांवर आणायची असेल तर अंदाजात 32 टक्के भर घालावी. असे केल्याने आकडा मोठा दिसतो आणि मंजुरी अवघड वाटते. तरीही अर्ध्यावर थांबलेला पूल त्याहून कितीतरी महाग पडतो.

पायरी 7: पैसा उभारा

निधीचे स्रोत अनेक असले तरी तीन प्रश्नांनी त्यांची पारख करता येते: पैसा एकदाच येतो की दरवर्षी, तो कामाच्या आधी येतो की नंतर, आणि तो नेमका कोण देतो.

विकास शुल्क नव्या बांधकामाकडून एकदाच मिळते. ते भांडवली कामालाच लावावे. त्यातून खड्डे बुजवणे किंवा पगार भागवणे म्हणजे वाढ थांबताच तिजोरी रिकामी होण्याची तयारी करणे होय. शुल्क ठरवताना जुनी कमतरता नव्या रहिवाशांच्या माथी मारू नये. उदाहरणार्थ, रस्त्याची क्षमता तासाला 900 वाहनांची, आजची मागणी 1,000 आणि नव्या वसाहतींनंतरची 1,400 आहे. वाढवायच्या 500 च्या क्षमतेपैकी 100 ही आधीचीच तूट आहे; म्हणून विकास शुल्कातून 80 टक्के खर्च मागता येईल आणि 20 टक्के सर्वसाधारण निधीतून द्यावा लागेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 आणि 1994 च्या निकालांत हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत मांडले: मागितलेल्या गोष्टीचा विकासाच्या परिणामाशी संबंध हवा आणि ती त्या परिणामाच्या साधारण प्रमाणात हवी.

रस्त्यामुळे लगतच्या जमिनीचे भाव वाढतात, तेव्हा त्या वाढीचा काही भाग सुधारणा आकार म्हणून घेणे न्याय्य आहे. ठरावीक क्षेत्रातील मालमत्ता कराची भविष्यातील वाढ बाजूला काढून तिच्यातून कर्ज फेडण्याची पद्धत कॅलिफोर्नियात 1952 पासून सुरू झाली. परंतु अपेक्षेप्रमाणे भाव न वाढल्यास कर्ज मागे राहते, आणि शाळा वा आरोग्यासाठीच्या कराचा वाटाही तिकडे वळू शकतो, याची जाणीव ठेवावी.

अमेरिकेत इंधनावरील कर ओरेगन राज्याने 1919 मध्ये सुरू केला आणि पुढे तो इतर राज्यांत पसरला. प्रति लिटर ठरावीक रकमेचा असा कर महागाईबरोबर आपोआप वाढत नाही, आणि विजेवरील वाहने वाढली की त्याचे उत्पन्न घटते. वापरानुसार आकारणीची उदाहरणे सिंगापूर (1975), लंडन (2003) आणि स्टॉकहोम (2007) येथे आहेत. तिथे आकारणीचा हेतू गर्दी कमी करणे हाही आहे, त्यामुळे चांगली बससेवा आधी हवी. लॉस एंजेलिस परगण्यातील मतदारांनी 2008 मध्ये वाहतुकीसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ 30 वर्षांसाठी मंजूर केली. कोणती कामे होणार याची यादी मतदानापूर्वी जाहीर केल्यास असा कर पटवून देणे सोपे जाते, पण विक्रीकराचा भार गरिबांच्या उत्पन्नावर तुलनेने जास्त पडतो.

कर्जरोखे हा उत्पन्नाचा स्रोत नाही. ते पुढच्या उत्पन्नाची उचल असतात. उपनगरात त्यांचा खरा उपयोग वेळेचे अंतर भरून काढण्यासाठी होतो, कारण शुल्क घरे बांधली जातात तेव्हा येते आणि रस्ता त्याआधी लागतो. कर्जाची मुदत मात्र त्यातून बांधलेल्या वस्तूच्या आयुष्यापेक्षा जास्त नसावी: 30 वर्षांच्या कर्जातून पूल बांधावा, 10 वर्षांत उखडणारे डांबरी अस्तर टाकू नये. वरिष्ठ शासनाचे अनुदान मिळवायचे असेल तर स्थानिक वाटा, ताब्यातील जमीन आणि तयार आराखडा हाती हवा, कारण अनुदानाच्या खिडक्या थोड्या काळासाठी उघडतात आणि तयार असलेल्यांनाच त्यांचा लाभ होतो.

प्रत्येक नव्या किलोमीटरसोबत देखभालीची दरवर्षीची रक्कम आणि तिचा कायमस्वरूपी स्रोत त्याच ठरावात लिहावा. वेळेवर भेगा भरणे आणि पातळ अस्तर देणे यांचा खर्च पाया खचल्यावरच्या पुनर्बांधणीपेक्षा पुष्कळच कमी असतो.

पायरी 8: क्रम लावा, सुनावणी घ्या, काम सुरू करा

कामांचा क्रम लावण्याचे निकष आधी जाहीर करावेत आणि मगच कामांना गुण द्यावेत. उलट केले तर निकष आवडत्या कामाच्या मापाचे शिवले जातात. अपघात, विलंब, बसप्रवाशांची संख्या, जमिनीची उपलब्धता आणि खर्च हे निकष बहुतेक ठिकाणी पुरेसे ठरतात. सुनावणी आखणी पक्की होण्यापूर्वी, लोकांना येता येईल अशा वेळी आणि रस्त्याच्या जवळ घ्यावी, आणि तिथे किमान दोन पर्याय मोठ्या नकाशावर लावलेले असावेत. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे. मान्य न केलेल्या हरकतीचे कारणही त्यात असावे.

टप्पे असे पाडावेत की पुढचा निधी आला नाही तरी झालेला टप्पा स्वतंत्रपणे उपयोगी पडेल. निविदा काढण्यापूर्वी जमिनीचा ताबा आणि सेवावाहिन्या हलवण्याचे वेळापत्रक हाती असावे, नाहीतर ठेकेदार थांबून राहतो आणि भरपाईचे दावे सुरू होतात. रस्ता खुला झाल्यावर एका वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी, पहिल्या गणनेच्याच चौकांत, त्याच महिन्यात आणि त्याच पद्धतीने वाहतूक, वेग आणि अपघात मोजावेत, आणि ते आकडे मूळ अंदाजाशेजारी मांडून जाहीर करावेत. पुढच्या वसाहतीसाठी घरामागे किती फेऱ्या धरायच्या, याचा स्थानिक दर याच नोंदीतून मिळतो.